हिरव्या पट्ट्याची तिसरी परीक्षा

मी कुंग फू शिकते हे सांगताना मला अजून थोडं अवघडल्यासारखं होतं. ऐकणारा आधी मला वरपासून खालपर्यंत बघतो आणि मग विचारतो, "तू?" त्यात त्याची चूक नाही. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मी वर्गाच्या दारात थांबून "येऊ का सर?" असं विचारलं होतं. फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या सरांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून मी अख्खा तास बाहेर उभी राहिले. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. कुठे विचारून शिरायचं आणि कुठे नुसतंच शिरायचं, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. म्हणून मी सगळीकडेच विचारते.

कुंग फूला मला जयगडने नेलं. जयगड म्हणजे होस्टेलच्या माझ्या खोलीतली मैत्रीण. रत्नागिरीच्या आमच्या होस्टेलवर मुलींना गावाच्या नावानेच हाक मारतात. ती जयगडची म्हणून जयगड, मी लांज्याकडची म्हणून लांजा. तिचे वडील बोटीवर आणि चुलते आखातात. घरात सगळ्या बायकाच असल्यामुळे कुणालाच हळू बोलायची सवय लागलेली नाही.

"चल गो माझ्याबरोबर," ती म्हणाली. "तिथे कुणी काही विचारत नाही. नुसत्या लाथा मारायच्या."

मी आईला फोनवर विचारलं. आई म्हणाली, "एकटी राहतेस तिथं. शीक. दोन ठोसे यायला हवेत माणसाला."

वर्ग एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये भरायचा. लग्नसराईत आम्हाला बाहेर पटांगणात काढायचे. आत मंगलाष्टकं चालू असायची आणि बाहेर आम्ही एका ओळीत हवेत ठोसे मारत असायचो. एकदा वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बराच वेळ आमच्याकडे बघून सरांना विचारलं, "ही मुलीकडची माणसं काय?"

आमचे सर दिवसा मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. ते ही विद्या मुंबईत शिकले, आणि त्यांचे गुरू म्हणजे आमचे मोठे सर अजूनही परीक्षा घ्यायला मुंबईहून येतात. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की चिनी पद्धतीप्रमाणे मला सिफू म्हणायचं, सर म्हणायचं नाही. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "हो सर." मग काही दिवस 'सिफू सर' असं चाललं, आणि शेवटी त्यांनीच तो नाद सोडला.

पट्ट्यांचं कसं असतं ते इथेच सांगते. पांढरा पट्टा पहिल्या दिवशी मिळतो, त्याला परीक्षा नाही. पिवळ्यासाठी नीट उभं राहता आलं पाहिजे. केशरीसाठी ठरलेल्या हालचालींची एक लांबलचक मालिका पाठ करून दाखवायची असते. हिरव्यासाठी खऱ्या माणसाबरोबर लढायचं. त्यापुढे निळा, तपकिरी आणि काळा. ते मी लांबून बघितलेले आहेत. आईने हे सगळं शाळेच्या इयत्तांसारखं समजून घेतलं होतं. मला केशरी मिळाला तेव्हा तिने वाडीत सांगितलं, "आमची कुंग फूच्या तिसरीत गेली."

खरं म्हणजे बाहेरच्या माणसाला कोण कोणत्या इयत्तेत आहे हे कळणं कठीण होतं. पटांगण जांभ्याचं. त्या तांबड्या धुळीत लोळून लोळून पांढऱ्या पट्ट्यांचा रंग महिन्याभरात केशरीकडे झुकायचा. एकदा एक पालक सरांशी भांडायला आले होते. त्यांच्या मुलाबरोबर वर्गात आलेला शेजारचा मुलगा पुढे गेला, आणि आपला मागे का? सरांनी त्या शेजारच्या मुलाचा पट्टा नळाखाली धरून दाखवला.

पिवळा पट्टा मला अगदी सहज मिळाला. त्यात मा-बू नावाची एक बैठक असते. घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवायचे, पाठ ताठ ठेवायची आणि तसंच राहायचं. शहरातल्या मुलींचे पाय थोड्याच वेळात लटपटायला लागायचे. मी लहानपणापासून दर पावसात लावणीला वाकलेली. इथे तर चिखल नव्हता आणि कमरेत वाकायचंही नव्हतं, त्यामुळे मला तो आरामच वाटला. सर म्हणाले, "बघा, हिच्याकडे बघा." माझ्याकडे बघा असं त्याआधी कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सरांनी "उठा" म्हटल्यावरही मी तशीच बसून राहिले. शेवटी जयगडने मला काखेत धरून उठवलं.

केशरीही अवघड गेला नाही. त्या हालचालींच्या मालिकेला ताओलू म्हणतात. समोर शत्रू आहे असं समजून ती एकट्याने करायची. पाठांतर हे माझं एकच बळ आहे. होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांमधून मी ती इतक्या वेळा केली, की परीक्षेतही दोऱ्या असायच्या त्या ठिकाणी मी खाली वाकत होते. मोठ्या सरांनी विचारलं, "सगळं बरोबर आहे. पण तुझा शत्रू कुठे आहे?"

मी बोट दाखवलं. "तिकडे, सर. खांबाजवळ."

"एवढ्या लांब?"

"हो सर."

तो शत्रू मला फार आवडायचा. त्याला काही लागत नसे.

आणि मग हिरवा आला.

आमच्याकडे कुणाला पाय लागला, तर लगेच वाकून त्या माणसाला हात लावतात आणि तोच हात आपल्या छातीला लावतात. समोरचा "असू दे" म्हणतो. एसटीत, पंगतीत, माजघरात झोपलेल्या माणसांना ओलांडताना हे दिवसभर चालू असतं. मला कुणी ते मुद्दाम शिकवल्याचं आठवत नाही. पुस्तकाला पाय लागला तरी माझा हात जातो. होस्टेलमध्ये एकदा पाण्याच्या बाटलीला लागला तेव्हाही गेला होता.

हिरव्याच्या पहिल्या परीक्षेत माझ्यासमोर जयगडच होती. माझी पहिलीच लाथ तिच्या कमरेवर व्यवस्थित बसली. बसल्याचं मला कळलं त्याच क्षणी मी वाकले, तिच्या कमरेला हात लावला आणि तो छातीकडे नेला. जयगड म्हणाली, "असू दे गो." तिचा ठोसा मात्र आधीच निघालेला होता. तो माझ्या नाकावर बसला.

मोठ्या सरांनी शिट्टी मारली. "हे मधेच काय होतं?"

"सर, पाय लागला."

"लागायलाच हवा होता."

"हो सर. पण लागला ना."

त्यांनी आमच्या सरांकडे बघितलं. आमच्या सरांनी छताच्या पंख्याकडे बघितलं.

दुसऱ्या परीक्षेला मी मनाशी पक्कं केलं होतं की हात जाऊ द्यायचा नाही. हात गेला नाही. पण तो आवरण्यात माझी सगळी शक्ती खर्च व्हायची, त्यामुळे प्रत्येक लाथेनंतर मी खांबासारखी उभी राहायचे. समोरच्या मुलीने मला तीन बाजूंनी मारलं. चौथ्या बाजूला भिंत होती. मी दुसऱ्यांदाही नापास झाले.

मोठ्या सरांचा एक नियम होता. एकाच पट्ट्यावर तिसऱ्यांदा अडकलं तर तो विद्यार्थी पांढऱ्यावर परत. पाया कच्चा राहिला असं समजायचं आणि लहान मुलांच्या बॅचमध्ये उभं राहून सगळं पहिल्यापासून करायचं.

हा नियम माझ्या मनाला एवढा का लागला ते नीट सांगता येतं का बघते. आमच्या घरात नापास होणं म्हणजे संपणं. बाबा सातवीत नापास झाले आणि चिरेखाणीवर कामाला गेले. दादा दहावीला राहिला आणि काही दिवसांतच मुंबईला हॉटेलात लागला. त्यांना कुणी काही बोललं नाही, कुणी हाकललंही नाही. नापास झालं की उठून जायचं, एवढं दोघांनाही ठाऊक होतं. मी हिरव्यावर दोनदा नापास झाले तरी कमरेला केशरी होता, त्यामुळे मी तिसरीतच होते. पांढरा मिळाला की मी नापास आहे हे कापडावर दिसणार होतं. हिरवा मला हवा होताच, पण त्याहून जास्त मला पांढरा नको होता. तो मिळाला तर वर्ग सोडायचा, हे मी ठरवून टाकलं होतं.

मग सगळ्यांनी मिळून माझ्यावर उपचार सुरू केले.

सरांनी हॉलच्या कडीला एक पोतं टांगलं आणि म्हणाले, "माणसाला नको, ह्याला मार. ह्याच्या पाया पडू नकोस म्हणजे झालं." मी लाथ मारली. आतून भाताच्या तुसाचा आवाज आला, आणि पोत्यावर तांदळाचं चित्र होतं. अन्नाला पाय लागला. माझे दोन्ही हात गेले. सर पोतं उतरवून घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यात वाळू भरून आणली.

खरा उपाय जयगडने काढला. ती म्हणाली, "आमच्यात पण पाय लागला तर माफ कर म्हणतात. पण चुकून लागला तर. तू एवढा नेम धरून मारतेस आणि मग माफी कसली मागतेस?"

"मला कळतं ते. हाताला कळत नाही."

तिने थोडा विचार केला. "बरं, मग असं करू. मी आधीच माफ करते. आजच्या दिवसाच्या सगळ्या लाथा माफ. आता तुझं माझं काही देणं उरलं नाही. मार."

आणि काय सांगू, ते चाललं. आधीच माफी मिळाली आहे म्हटल्यावर माझा हात जागचा हलेना. जयगड रोज वर्ग सुरू व्हायच्या आधी हॉलच्या मधोमध उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला माफ करायची. नवीन आलेल्या मुलींना वाटायचं की आमचं फार मोठं भांडण झालं होतं. मी तिला इतक्या लाथा मारल्या की एक दिवस ती म्हणाली, "उद्यापासून अर्ध्याच माफ."

तिसरी परीक्षा चिपळूणला होती. तिथल्या वर्गाची आणि आमची एकत्र. आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. जयगडला हिरवा आधीच मिळाला होता, तरी ती आली, आणि हातखंबा सोडायच्या आतच तिने मला दिवसभराची माफी देऊन टाकली. पण हॉलमध्ये पोचल्यावर मोठ्या सरांनी सांगितलं की या वेळी जोड्या दोन वर्गांत मिळून लावायच्या. माझ्या वाट्याला अलोऱ्याच्या एक काकू आल्या.

काकू माझ्या आईच्या वयाच्या होत्या. मुलाला वर्गाला आणून सोडता सोडता त्या स्वतःच शिकायला लागल्या होत्या. मुलाने सोडलं, काकूंनी सोडलं नाही. छातीवरच्या संरक्षक कवचाच्या आत त्यांनी मंगळसूत्र नीट सरकवून घेतलं, केसांना एक चाप जास्त लावला आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला त्या थेट माझ्या मामीसारख्या दिसल्या.

लढतीआधी उजव्या मुठीवर डावा तळवा ठेवून एकमेकांना नमस्कार करतात. तो करताना मी हळूच म्हणाले, "काकू, आधीच माफ करा."

"कशाबद्दल?"

"पाय लागेल."

"अगो, लागू दे की. मग आलोय कशाला?"

ही माफी आहे की नाही ते मला ठरवता आलं नाही, आणि तेवढ्यात शिट्टी झाली.

काकूंनी पहिल्याच झटक्याला माझ्या मांडीवर लाथ मारली. चांगली लागली. त्यांनी हात वगैरे काही लावला नाही, लगेच दुसरी मारली. मी गोल गोल फिरत राहिले. मी पाय उचलायचे आणि मामी दिसायची. असा बराच वेळ गेला, तशा काकू चिडल्या. माझ्या जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "तू मारणार आहेस की नाहीस?"

"मारते काकू."

"मग मार ना बाय. तू मारलीस तर मी अडवणार. मी अडवलेलं दिसलं नाही तर मला पट्टा कसला देतात? घरी पोरगा बसलाय हसायला."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी माझ्या परीने त्यांना जपत होते, आणि त्या माझ्यामुळे नापास होत होत्या.

मी लाथ मारली. काकूंनी ती हाताने झटकून टाकली. "हां, अशी," त्या म्हणाल्या. मी दुसरी मारली. तीही त्यांनी अडवली, आणि त्यांचा चेहरा खुलला. तिसरी मी बाजूने मारली. ती अडवायला त्यांना वेळ झाला. माझा पाय त्यांच्या कवचाच्या बरोबर मधे बसला आणि काकू मॅटवर धप्पकन खाली बसल्या.

हॉलमध्ये कुणीतरी "अरे" म्हणालं. कडेला उभी असलेली जयगड म्हणाली, "हात नको गो. हात नको."

पण मी वाकलेली होते. माझा हात काकूंच्या खांद्याला लागला. आणि खाली बसलेल्या काकू, तशाच्या तशा, वर बघून म्हणाल्या, "असू दे, असू दे," आणि माझा हात हातात घेतला. थोडा वेळ आम्ही दोघी तशाच राहिलो, एखाद्या हळदीकुंकवाला भेटल्यासारख्या. परीक्षा चालू आहे हे काकूंना माझ्याआधी आठवलं. त्यांनी माझा हात खाली ओढला, पायात पाय अडकवला, आणि मी त्यांच्या शेजारी उताणी पडले. शिट्टी झाली.

काकू उठून गुडघ्यावर बसल्या. "लागलं नाही ना गो?" असं म्हणून त्यांनी माझ्या पायाला हात लावला आणि तो आपल्या छातीला लावला.

मोठे सर आमच्याजवळ येऊन उभे राहिले. मग मला म्हणाले, "यांनी काय केलं बघितलंस?"

"हो सर. त्यांनीही हात लावला."

"कधी लावला?"

मी आठवून बघितलं. "शिट्टी झाल्यावर."

"मग? मी तुला हात लावू नकोस असं कधी म्हटलंय का? शिट्टीपर्यंत थांब, एवढंच आहे."

काकूंना हिरवा मिळाला. माझ्या कमरेचा केशरी पट्टा मोठ्या सरांनी स्वतः सोडला, घडी करून आमच्या सरांच्या हातात दिला आणि मला एक नवा कोरा पांढरा बांधला. "लाथ हिरव्याची होती," ते म्हणाले. "पण नियम सगळ्यांना सारखा."

मी मान हलवली. ठरवलेलं सगळं डोक्यात तयारच होतं. आभार मानायचे, पट्टा परत करायचा आणि उठून जायचं. पट्टा सोडायला मी गाठीत बोटं घातली, तर शेजारी काकू आपला हिरवा भिंतीवरच्या आरशात बघून नीट करत होत्या.

"वाईट वाटून घेऊ नको," आरशातूनच त्या म्हणाल्या. "मी पण एकदा परत पांढऱ्यावर आले होते. पोरांच्या रांगेत उभी होते, पावसाळाभर. पोरगा खूप हसला."

"मग?"

"मग काय? हसून हसून दमला."

नापास होऊन परत त्याच रांगेत उभं राहिलेलं माणूस मी तोपर्यंत जवळून बघितलं नव्हतं. माझी बोटं गाठीतच राहिली. नवीन पट्ट्याची गाठ तशीही लवकर सुटत नाही.

परतीच्या एसटीत जयगड संगमेश्वरपर्यंत गप्प होती, आणि ते तिला जड जात होतं. मग तिने विचारलं, "सोडतेस काय?"

"नाही वाटतं," मी म्हणाले.

सोमवारी मी लहान मुलांच्या बॅचमध्ये गेले. दारात थांबून विचारलं, "येऊ का?" सर म्हणाले, "ये, मागे उभी राहा, नाहीतर कुणाला काही दिसायचं नाही." माझ्या पुढची मुलगी दुसरीत होती. ती वळून माझ्या पट्ट्याकडे बघत राहिली.

"ताई, तू एवढी मोठी आणि पांढरी?"

"नापास झाले."

"कशात?"

"लाथा मारण्यात."

तिला ते पटलं नाही. तिने लगेच आपल्या मैत्रिणीला लाथ मारून दाखवली. मैत्रिणीने तिला उलटी मारली. सरांनी दोघींना मा-बूत बसवलं, आणि रांगेत बोलल्याबद्दल मलाही.

संध्याकाळी मी घरी फोन केला.

"काय गो, झालीस काय पास?" आईने विचारलं.

"नाय."

भांडी घासायचा आवाज येत होता तो थांबला. मग ती म्हणाली, "मग आता काय, बंद?"

"नाय. परत बसतेय. पहिलीपासून."

"बसता येतं काय परत?"

"येतं. आज गेले होते."

"कोण काय बोललं नाय?"

"एक पोरगी बोलली. दुसरीतली."

"तिला काय कळतंय," आई म्हणाली. मग मला सगळं विचारून घेतलं. कुणाबरोबर लढले, कशी पडले, लागलं काय. मी काकूंचं सगळं सांगितलं. आईने फोन तोंडापासून लांब न नेताच अंगणाकडे ओरडून सांगितलं, "ऐकलात काय, ती परत बसतेय. पहिलीपासून."

बाबा लांबून काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मी फोन घट्ट धरून उभी राहिले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"विचारतायत, त्या अलोऱ्याच्या काकू पास झाल्या काय."

"झाल्या."

"झाल्या हो," आईने अंगणात सांगितलं. मग मला म्हणाली, "बरं झालं म्हणतायत."